रिपोर्ट नॉर्मल आले, खांदे मात्र दुखतातच

महालची_लेक | ११ जानेवारी

वय ४४, नागपूर, सरकारी कार्यालयात नोकरी. गेली अडीच वर्षं मान, दोन्ही खांदे आणि उजव्या हाताच्या बोटांचे सांधे दुखतात. कधी ठणका, कधी नुसतं भरून आल्यासारखं. सकाळी स्कूटीचा ब्रेक दाबणं नकोसं होतं आणि रात्री कणीक मळताना खांद्यापासून कोपरापर्यंत रग लागते.

तपासण्या झाल्या. थायरॉइड, साखर, बी१२, संधिवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, अंगातला दाह म्हणजे आतली सूज कळावी म्हणून ईएसआर आणि सीआरपी, मानेचा एक्स-रे. व्हिटॅमिन डी कमी निघालं, ते औषधाने भरून काढलं. बाकी सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटवली आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका." त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. दुखत असताना "काही झालेलं नाही" हे ऐकणं म्हणजे कुणी आपल्याला खोटं ठरवल्यासारखंच वाटतं.

मग मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज रात्री दुखण्याला दहापैकी एक आकडा द्यायला लागले. ऑगस्ट ते डिसेंबर. वाटलं होतं, टायपिंग जास्त झालं त्या दिवशी आकडा चढलेला दिसेल. तसं निघालं नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करायला रात्रीचे अकरा वाजतात. त्या दिवसांत आकडा ४ किंवा ५. अधिवेशन संपलं, दोन दिवस रजा घेतली, आणि आकडा ८!

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. भावाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी ७ च्या खाली नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या वाटणीचं चाललंय, त्यात फार शिरत नाही. पण त्या दिवशी मी काही जड उचललेलं नसतं. फक्त फोन कानाला लावलेला असतो.

मनावरच्या ताणाने स्नायू आणि सांधे खरंच दुखतात का? दुखत असतील तर नेमके कशामुळे? आणि "टेन्शन घेऊ नका" याच्यापुढे कुणी काही सांगेल का?

हातांची_भाषा | ११ जानेवारी

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं दुखणं खरं आहे, हे आधी सांगते. आणि कालनिर्णयवर तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या कितीतरी पेशंटनी लिहावं असं मला वाटत असतं.

राग आला, धास्ती वाटली की आपले खांदे कानांकडे चढतात. ते आपण ठरवून करत नाही. माणसाला खुर्चीत बसवून नुसती तोंडी गणितं घाईघाईने सोडवायला लावली आणि मान-खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूची विद्युत-नोंद घेतली, तर हात जागचा हललेला नसतानाही तो स्नायू काम करताना दिसतो. हे प्रयोग झालेले आहेत.

आता स्नायू सगळाच्या सगळा एकदम राबत नाही. हलक्या कामाला त्यातले ठरावीक बारके तंतू आधी जागे होतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात. गव्हाचं पोतं उचललं तर आपण ते कधीतरी खाली ठेवतो, स्नायूला उसंत मिळते. मनातला घोर खाली ठेवता येत नाही. मग तेच ते तंतू दिवसभर थोडे थोडे आवळलेले राहतात, थकतात, आणि दुखायला लागतात. १९९१ मध्ये स्वीडनच्या एका संशोधकाने या कल्पनेला सिंड्रेलाचं नाव दिलं, कारण गोष्टीतली ती मुलगी घरात सगळ्यात आधी उठते आणि सगळ्यात शेवटी निजते.

श्वासाचंही तसंच आहे. ताणात श्वास पोटातून वर चढतो, छातीच्या वरच्या भागात येतो. मग मानेचे स्नायू बरगड्या वर ओढायला मदत करतात, जे त्यांचं रोजचं काम नाही. दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास होतात. मान दुखणारच.

बोटांबद्दल एक विचारते. स्कूटीचं हँडल तुम्ही किती घट्ट धरता? उद्या ऑफिसला जाताना सिग्नलला थांबाल तेव्हा बघा.

कण्याचा_धडा | १२ जानेवारी

सगळे ताणाकडे वळायच्या आधी माझं ऐका, हात जोडून सांगतो.

मी ३६ वर्षांचा, बुटीबोरीला कारखान्यात आहे. तीन वर्षं मला "टेन्शनमुळे कंबर दुखते" सांगितलं गेलं. लग्नाचं टेन्शन, शिफ्टचं टेन्शन, होमलोनचं टेन्शन. पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची, उठून घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी तासभर पाठ लाकडासारखी. आराम केला की वाढायचं, हिंडलं की कमी व्हायचं. हे प्रत्येकाला सांगत होतो आणि प्रत्येक जण ताणावर बोलत होता.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं. रक्तात एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली खूण पॉझिटिव्ह, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये दाह. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात. आता औषध चालू आहे, खूप फरक आहे. पण गेलेली तीन वर्षं गेली. तरुण माणसाची कंबर अशी दुखत असेल तर कृपा करून ताण म्हणून सोडून देऊ नका.

महालची_लेक | १२ जानेवारी

@कण्याचा_धडा, वाचून पोटात कालवलं. माझा सकाळचा आखडलेपणा दहाएक मिनिटांत जातो, बोटांना सूज कधीच आलेली नाही. तरीही हे सगळं पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगेन.

@हातांची_भाषा, हँडल बघितलं. व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

वॉर्डातून | १२ जानेवारी

मी मेडिसिनचा डॉक्टर. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

कण्याचा_धडा यांच्याशी पूर्ण सहमत. सांधा सुजलाय, गरम लागतोय, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकतो, ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, हातापायातली शक्ती कमी होतेय, लघवी-शौचावरचा ताबा जातोय, यातलं काहीही असेल तर ताण हा शब्द बाजूला ठेवा आणि दाखवा. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी. जिना चढताना डावा खांदा, हात किंवा जबडा भरून येत असेल, घाम सुटत असेल तर बाम चोळत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं. आणि नागपूरकरांनी चिकुनगुन्या विसरू नये. २००६ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा आला. ताप आठवड्यात उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात.

आता ताणाचं. हान्स सेलिए यांनी १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधं असे निरनिराळे त्रास दिले, आणि शरीराचा प्रतिसाद मात्र एकाच साच्याचा निघाला. त्या प्रतिसादातला मोठा भाग मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींचा. त्यातून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सुटतं. थोड्या वेळापुरतं हे आपल्या भल्याचं असतं. साखर वाढते, स्नायू सज्ज होतात, दाह दबतो. पण हा इशारा महिनोन्महिने चालू राहिला की पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात, आणि एरवी दबलेला दाह डोकं वर काढतो. ज्याला आधीच संधिवात आहे त्याला ताणाच्या दिवसांत जास्त त्रास होतो, त्यात याचा हात असतो. संधिवात नुसत्या ताणाने होतो असं मात्र मी म्हणत नाहीये.

दुसरी वाट झोपेची, आणि माझ्या मते लोक हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात. १९७५ मध्ये कॅनडात हार्वे मोल्डोफस्की आणि सहकाऱ्यांनी धडधाकट तरुणांची गाढ झोप आवाज करून मोडली. पूर्ण जागं केलं नाही, फक्त गाढ झोपेत जाऊ दिलं नाही. काही रात्रींत त्यांचे स्नायू दाबल्यावर दुखायला लागले, अंग मोडून आलं. कुठे मार नाही, कुठे ओझं नाही.

तिसरी वाट मज्जातंतूंची. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं की वेदनेचा मारा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त हळव्या होतात. रेडिओवर गाणं तेच, पण आवाजाचं बटण कुणीतरी वर फिरवून ठेवलेलं. मग साधा स्पर्श, साधी हालचालही दुखते. ताण, अपुरी झोप, भीती, सगळं ते बटण वरच धरून ठेवतं. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही, रक्तातही दिसत नाही. २०१७ मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा वेदनेला 'नोसिप्लास्टिक' हे वेगळं नाव दिलं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक वर्गीकरणातही तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा वेदनेला स्वतंत्र जागा आहे. म्हणून "तुम्हाला काही झालेलं नाही" हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी बंद करायला हवं.

ऑरेंजलाइन_रोजची | १३ जानेवारी

मी २९, मिहानला आयटीत. माझं जबड्याचं आहे. सकाळी उठल्यावर कानाजवळ दुखायचं, जांभई दिली की कट् आवाज. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढा बघितल्या आणि विचारलं, "रात्री दातओठ खाता का?" आपण हा वाक्प्रचार रागासाठी वापरतो, मी तो झोपेत अक्षरशः जगत होते. दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेत. रात्री लावायचं कव्हर करून दिलं.

पण मला जास्त उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांनी सांगितलं, दिवसा तोंड मिटलेलं असताना ओठ ओठाला लागलेले असावेत, दात दाताला नकोत. वरचे-खालचे दात फक्त चावताना भेटावेत. मेट्रोत बसल्यावर मी तपासते. खापरी येईपर्यंत दहा वेळा तरी दात आवळलेले सापडतात.

जाईचा_मांडव | १३ जानेवारी

"सगळ्यात आधी उठते आणि सगळ्यात शेवटी निजते" हे वाचलं आणि तिथेच थांबले.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, चार वर्षं झाली. त्यांना कुशीवर वळवणं, स्वच्छ करणं सगळं माझ्याकडे. माझी कंबर, गुडघे, तळहात दुखतात. सगळे म्हणतात वजन उचलतेस म्हणून. पण ज्या रात्री त्या शांत झोपतात त्या रात्रीही मी कान लावून पडलेली असते. डॉक्टर, तुमचं गाढ झोपेचं वाचून पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्या रात्री बघितल्या आहेत.

सरळ_सांगतो | १३ जानेवारी

पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांना नव्हता ताण? मन खंबीर ठेवलं की हे सगळे आजार पळतात.

जाईचा_मांडव | १३ जानेवारी

माझी आजी काटोलजवळच्या खेड्यातली. रोज संध्याकाळी ती आम्हा नातवंडांना पाठीवर पाय द्यायला लावायची. उभी राहताना "आई गं" म्हटल्याशिवाय उठल्याचं मला आठवत नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही, म्हणून तिचं दुखत नव्हतं असं म्हणू नका.

फुटाळ्याकाठचा | १४ जानेवारी

मी मास्तर होतो जी, आता ६९ चा. बाई गेली तेव्हा मले रडू नाही आलं. तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् मंग दोन्ही गुडघे, खांदे असे धरले का धोतर नेसनं मुश्कील. पोरानं मेडिकलले, म्हंजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईनं तपासलं, अन् मंग इचारलं, "आजोबा, घरी कोन कोन असते?" मी सांगाले लागलो अन् तिथंच रडाले लागलो. वीस मिनिटं. मागं लाइन लागून होती, पन ती पोरगी उठली नाही.

गुडघ्याची झीज आहे माही, ते फोटोत दिसते. पन झीज तर पहिलेही होती! दुखनं काहून तवाच आलं? हे सरळ_सांगतो भाऊले मी इचारतो.

सरळ_सांगतो | १४ जानेवारी

मास्तर, मला हे माहीत नव्हतं. जाईचा_मांडव ताई, तुमचीही माफी मागतो. माझ्या आईचे हात दुखतात आणि मी तिला हेच सांगत आलोय.

नाव_नको | १५ जानेवारी

मला झोप येत नाही, अंग दुखतं, आणि कशातच रस राहिलेला नाही. कुणाला सांगू कळत नाही.

वॉर्डातून | १५ जानेवारी

@नाव_नको, बरं झालं लिहिलंत. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आजच लावा. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर घरातल्या कुणाला तरी आत्ता जवळ बसवून ठेवा आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. उदासीनतेत अंग दुखतं आणि औषधाने दोन्ही कमी होतं, हे मी वॉर्डात नेहमी बघतो. मला निरोप पाठवलात तरी चालेल.

वाडी_नाका | १६ जानेवारी

आमच्या भागात एक जण कागदाच्या पुड्या देतो. आईने दोन दिवस घेतल्या, गुडघे एकदम मोकळे. चालू ठेवाव्यात का?

वॉर्डातून | १६ जानेवारी

औषधाचं नाव नसलेल्या पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत जादू होते ती त्याची. पुढे साखर, रक्तदाब, हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं. आईने जास्त दिवस घेतल्या असतील तर मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवून बंद करा. मेडिकल स्टोअरमधून आणून रोज खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आधीच कमी असतं, तेव्हा तर फार जपावं.

हातांची_भाषा | १६ जानेवारी

करायचं काय, हे राहिलंच होतं.

एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात एक पद्धत बसवली, मी ती आजही शिकवते. आडवं पडा. एका हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि वीसेक सेकंद त्या सुटलेल्या हाताकडे नुसतं लक्ष द्या. मग दुसरा हात, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. आवळलेलं कसं लागतं आणि सुटलेलं कसं लागतं यातला फरक शरीराला पुन्हा शिकवायचा असतो. वर्षानुवर्षं आवळून बसलेल्या माणसाला तो फरक कळेनासा झालेला असतो. दुखरा भाग जोरात आवळू नका.

दुसरं, हिंडणं. दुखतंय म्हणून पडून राहिलात की स्नायू अशक्त होतात आणि हालचालीची भीती बसते. भीती बसली की आवळणं आणखी वाढतं. आज पाच मिनिटं चाललात तर चार दिवसांनी सात. बरं वाटलं म्हणून एका दिवसात चाळीस मिनिटं चालायचं नाही, आणि दुखलं म्हणून शून्यावर यायचं नाही.

जाईचा_मांडव ताई, तुम्हाला व्यायाम सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी सासूबाईंच्या खोलीत झोपायला हवं. घरात हा धागा वाचून दाखवा. तरीही जमलं नाही तर मला कळवा, रुग्णाला न उचलता चादरीने कसं सरकवायचं ते मी येऊन दाखवीन.

महालची_लेक | ३ मार्च

सात आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

दुसऱ्या एका डॉक्टरांना फाइल दाखवली. त्यांनी बोटांचा एकेक सांधा दाबून बघितला, कण्याचा_धडा यांनी लिहिलेले सगळे प्रश्न विचारले. सांध्यांना दाह नाही. "दुखतंय हे मला पटतंय" असं म्हणाले. खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी रात्री सात तास झोपले.

रोज रात्री आवळून-सोडायचा व्यायाम करते. सुरुवातीला खांदा सोडला तरी सुटलाय की नाही हेच कळत नव्हतं, तीनेक आठवड्यांनी कळायला लागलं. सकाळी अंबाझरीला पंधरा मिनिटांवरून तीस मिनिटांवर आले.

भावाला सांगितलं, वाड्याचं फक्त रविवारी दुपारी बोलू, आणि मी बोलताना गच्चीवर चालत असेन. तो चिडला. पण आता रविवारीच फोन करतो. फोननंतरचा आकडा आधी ७-८ असायचा, गेल्या दोन रविवारी ५. फेब्रुवारीचा एकूण सरासरी आकडा ४ च्या आसपास आहे. दुखणं गेलेलं नाही. बोटं अजून सकाळी कुरकुरतात. वाटणीची तारीख एप्रिलमध्ये आहे आणि त्या आठवड्याची मला आत्तापासून धास्ती आहे.

जाईचा_मांडव, तुमचं काय झालं? दोन रात्री मिळाल्या का?

जाईचा_मांडव | ४ मार्च

एक मिळाली. शनिवारची. नणंद येते. पहिल्या शनिवारी मला झोपच आली नाही, सवय नव्हती. दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता जाग आली, आणि घरात कुणी उठवलं नव्हतं.

महालची_लेक | ४ मार्च

वाचून डोळे भरून आले हो. एक प्रश्न सगळ्यांना: एप्रिल-मेमध्ये चालायचं कधी? सातलाच ऊन चटकायला लागतं.

फुटाळ्याकाठचा | ४ मार्च

पहाटे सव्वापाचले या, आम्ही पाच-सहा म्हातारे असतो तलावाच्या काठानं. पान्याची बाटली आना अन् पायात बूट घाला, चपलेनं टाच दुखते. भावाची तारीख असन त्या आठवड्यात तर रोज या.